पंपवालीचा एक माणूस

गल्लीत तिला सगळे पंपवाली म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. उलट पाणी चढवायच्या पंपाचा विषय निघाला की तिला आवरणं कठीण. कुणाच्या घरी पाहुणी म्हणून गेली तरी आधी नळ सोडून बघायची, मग खुर्चीत बसायची. "मोटर हवा खेचतेय तुमची, वॉशर बदला," हे तिचं ‘कसे आहात’. नवरा म्हणायचा, "मी बायको केली की प्लंबर, हे अजून ठरायचंय."

बाजारामागच्या रस्त्यावर तिच्या कंपनीचं ऑफिस होतं. काचेआड मांडलेले पंप, आत एक टेबल, एक फोन, भिंतीवर पाण्याच्या दाबाचा तक्ता. कंपनी खोटी होती, पंप खरे होते. सरकारच्या गुप्तचर खात्यानं ती काढली होती, म्हणजे पंपवालीला सीमेपलीकडे जायला निमित्त मिळावं. पण हातात घेतलेलं काम अर्धवट करणं बाईच्या रक्तातच नव्हतं. ती इतके पंप विकू लागली की कंपनी नफ्यात गेली आणि खात्यातल्या मोठ्या लोकांना प्रश्न पडला, आता या नफ्याचं करायचं काय!

पलीकडे तिचं गिऱ्हाईक म्हणजे तिथल्या पाणी खात्यातला एक इंजिनियर. भाषा दोन्हीकडे एकच, भांडण तेवढं वेगळं. लष्कराच्या तळांना पाणी हाच इंजिनियर पुरवायचा. कुठल्या ओसाड माळावर अचानक जास्त पाणी मागितलं, की तिथं माणसं येऊन राहिली हे कळायला पंडित लागत नाही. कुठे केवढा पंप हवा, एवढंच तो तिच्याशी बोलायचा, आणि तेवढं पुरे असायचं. पैसे त्यानं कधी घेतले नाहीत. पुन्हा लढाई होऊ नये, एवढंच त्याला वाटे. तिनं त्याला शब्द दिला होता, "कधी काही झालं तर तुम्हाला, वहिनींना आणि मुलीला मी बाहेर काढीन. फक्त ऑफिसला फोन करा." तो शब्द तिनं खात्याच्या वतीनं दिला होता आणि मनापासून दिला होता.

खात्याचा एक नियम होता. खरं काम काय आहे हे घरातल्या एकाच माणसाला सांगायचं. उद्या काही बरंवाईट झालं, तर निदान एकाला तरी माहीत असावं, कशापायी झालं. त्या माणसाला बोलावून शपथ देत. नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं. म्हणून तिनं दादाचं नाव दिलं. लहानपणी शेजाऱ्यांची काच तिनं फोडली आणि मार दादानं खाल्ला, पण तिचं नाव घेतलं नाही. असा भाऊ.

या दादाला एकच वेड, साहेब. साहेब म्हणजे त्याच्या पक्षाचे पुढारी, आता मंत्री. दादानं उभी हयात साहेबांच्या सभांना सतरंज्या उचलल्या, पोस्टरं चिकटवली, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. घरात आईवडिलांचा फोटो लहान आणि साहेबांचा मोठा. कुणी साहेबांवर टीका केली की दादा जेवायचा नाही. गंमत अशी, की पंपवालीही मत साहेबांनाच द्यायची. दादा सांगेल तिथं शिक्का.

निवडणूक तोंडावर आली होती. विरोधक म्हणत होते, यांचं देशप्रेम नुसतं भाषणातलं. सकाळची सभा टीव्हीवर चालू होती, पंपवाली भाजी निवडत होती. साहेब टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "देशप्रेम आम्हाला शिकवता? आमच्या एका साध्या कार्यकर्त्याची बहीण पंप विकायच्या निमित्तानं शत्रूच्या घरात शिरते आणि त्यांची बित्तंबातमी आणते! उभा राहा रे!" कॅमेरा वळला. हात जोडून, डोळ्यांत पाणी घेऊन दादा उभा राहिला. टाळ्या थांबेनात.

नवरा टीव्हीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "अगं," एवढंच म्हणाला. आपल्याला सोडून भावाला सांगितलं, हे त्यालाही काही कमी दुखलं नसणार, पण त्याचं ऐकायला ती थांबली नाही.

ती तडक वरिष्ठांकडे गेली. "त्या तिघांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. माझ्याशी व्यवहार करणारा तिकडे तो एकटाच आहे."

वरिष्ठ चष्मा पुसत राहिले. "काढता येईल. पण सही मंत्र्यांची लागते." मंत्री म्हणजे साहेबच. "त्यांनी सही केली की भाषणात चूक झाली, हे कबूल केल्यासारखं होतं. मतदानाआधी ते करतील? माझी तर विचारायची हिंमत नाही. तुमचा भाऊ जवळचा दिसतो. त्यालाच सांगून बघा."

पक्षाच्या कचेरीत लोक दादाशी हात मिळवायला रांग लावून होते. तिनं त्याला मागच्या खोलीत ओढलं, खुर्च्यांच्या ढिगाशी.

"दादा, तू सांगितलंस?"

"अगं, साहेबांनी गाडीत शेजारी बसवलं. घरी कोण कोण असतं, विचारलं. आजवर त्यांना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं गं. आता नावानं हाक मारतात."

"तू शपथ घेतली होतीस."

"बाहेरच्याला सांगणार नाही, अशी. साहेब काय बाहेरचे?"

हे त्यानं अगदी सरळपणे म्हटलं. मग तिनं सगळं सांगितलं. इंजिनियर, त्याची बायको, मुलगी, सही. "एकदा विचार त्यांना. पाया पडते तुझ्या."

दादाचा चेहरा उतरला. पण तो त्या मुलीसाठी उतरला नव्हता. "म्हणजे साहेब चुकले, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणू? त्यांनी विचार करूनच केलं असणार. आपल्याला काय कळतं त्यातलं? दुसरं काहीही माग, पोरी, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

शत्रूनं फसवलं असतं तर तिला काही वाटलं नसतं, त्याचा तिला पगार होता. पण ज्या माणसाच्या भरवशावर ती निर्धास्त झोपत आली, त्यानंच तिला एका टाळीसाठी विकलं होतं. आणि त्याला ते कळलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उचलायला खात्याची माणसं आली. पंप गेले, तक्ता गेला. फोन मात्र तिनं काढू दिला नाही, त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली. पलीकडे निरोप धाडायचे सगळे रस्ते तिच्याच नावातून जायचे आणि ते नाव आता कुणी जवळ करणार नव्हतं. दुपारी दादा मिठाईचा पुडा घेऊन आला. "राग सोड. उद्याच्या सभेत साहेब तुला स्टेजवर बोलावणार आहेत."

तेवढ्यात फोन वाजला.

"पंपांचं ऑफिस ना?" बाईचा आवाज होता. "ह्यांना सकाळी घरातून नेलं हो. जाता जाता म्हणाले, पंपवाल्या बाईंना फोन कर, त्यांनी शब्द दिलाय. तुम्हीच का त्या?"

पंपवालीनं डोळे मिटले. अशा घरांचे फोन तिकडे ऐकले जातात. ‘हो’ म्हटलं, तर तो नुसता गिऱ्हाईक नव्हता हे सिद्ध होणार आणि त्याच्या गळ्यातला फास तिच्याच हातानं आवळला जाणार. त्याला वाचवायचा आता एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे त्याला न ओळखणं.

"बाई, आम्ही फक्त पंप विकतो," ती दुकानदारी आवाजात म्हणाली. "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय."

पलीकडून ती बाई म्हणाली, "माझ्या मुलीला मी काय सांगू? तुमच्यावर विश्वास ठेवला होता आम्ही," आणि फोन बंद झाला.

दादानं सुटकेचा श्वास टाकला. त्याचे डोळे भरून आले. "शाब्बास, पोरी! किती सांभाळून घेतलंस. साहेबांच्या कानावर घालतो मी, तू पक्षाची अब्रू राखलीस." आणि त्यानं प्रेमानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हात काढ, दादा," ती म्हणाली.