चोरटी हवा

माझ्या मावशीच्या यजमानांनी हवेशी जेवढं वैर धरलं तेवढं अख्ख्या नगर जिल्ह्यात कुणी सख्ख्या भाऊबंदाशीसुद्धा धरलं नसेल. आता भाऊबंदकीत आमचा जिल्हा मागे आहे असं कुणी म्हणणार नाही. वीतभर बांधावरून तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवणारी माणसं मी एका पंगतीला बसलेली पाहिली आहेत. पण ती निदान लग्नकार्यात तरी थांबतात. आमचे हे काका थांबत नसत. त्यांचं म्हणणं असं की जगात जे जे बिघडतं, ते कुठून तरी चोरून हवा घेतं म्हणूनच बिघडतं. मला सर्दी झाली की, "एअर घेतोय हा कुठून तरी." शेजाऱ्यांचा कुकर शिट्टी देईना, एअर. एकदा गल्लीतल्या उमेदवाराचं भाषण रंगेना, तेव्हा काका पहिल्या रांगेतून मोठ्यानं म्हणाले, "सांध्यातून हवा जातीय ह्याच्या." उमेदवार पडला. लोक म्हणाले जातीमुळे पडला, काका आजही म्हणतात गॅस्केटमुळे.

या वैराचं मूळ त्यांच्या मोटारसायकलीत होतं. काका जन्मभर भिंगारच्या लष्करी वर्कशॉपात फिटर होते, आणि ही गाडी त्यांनी लिलावातून आणलेली. माझ्याहून वयानं मोठी, अंगानं म्हशीएवढी, आणि काकांनी स्वतः रंगवल्यापासून काळी कुळकुळीत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, जुन्या गाडीला कार्बोरेटर नावाचा एक धातूचा तांब्या असतो. त्यात पेट्रोल आणि हवा बेतानं मिसळून इंजिनाला पाजतात. हा तांब्या इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथे केसभर फट पडली की फुकटची हवा आत शिरते, आणि मग इंजिन कानात वारं भरलेल्या वासरासारखं वागतं. वेगाची मूठ सोडली तरी पळतं, पळ म्हटलं की खोकतं. काकांच्या गाडीला अशी फट होती. ती कुठे आहे हे काकांना सापडत नव्हतं, आणि हे अकरा वर्षं चाललं होतं.

यात खरी नाचक्की काकांच्या कानाची होती. त्या कानाची ख्याती तुम्हाला सांगितली तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, तरी सांगतो. नगरच्या चांदणी चौकातून ट्रक निघाला की काका भिंगारात ओट्यावर बसून सांगत, "तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह ढिला आहे." ट्रक गल्लीशी येईपर्यंत काका पाना घेऊन उभे असत, आणि ड्रायव्हर बिचारा न मागितलेली दुरुस्ती करून घेऊन काकांच्या पाया पडून जाई. असा माणूस स्वतःच्या दारातल्या गाडीची फट शोधू शकत नव्हता.

पण ती फट शोधणं कानाच्या अब्रूसाठी नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी मावशीच्या माहेरी, सोनईला, लग्न होतं. काका मावशीला मागे बसवून मांडवापाशी पोचले, मूठ सोडली, आणि गाडी थांबेना. ब्रेक त्या गाडीला होता, पण तो केवळ विनंती करायचा. गाडीनं मांडवाला फेरी घातली. बँडवाल्यांना वाटलं नवरदेव आला, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. दुसऱ्या फेरीला करवल्यांनी पळत पळत काकांच्या कपाळाला कुंकू लावलं. तिसऱ्या फेरीला मावशीनं उसाच्या पाचटाच्या ढिगावर उडी मारली आणि उभ्या वऱ्हाडापुढे सांगून टाकलं, "ह्या धुडावर मी परत बसले तर सोनईचं पानी पिनार न्हाई."

तेव्हापासून मावशी माहेरी एसटीनं जायची. मागच्या सीटवर, खिडकीशी. आणि काका एसटीच्या मागे वीस हातांवर मोटारसायकलीवरून धूर खात जात. प्रत्येक थांब्यावर मावशी खिडकीतून शेंगांचा पुडा खाली द्यायची. कंडक्टर लोक याला इतके सरावले होते, की काका दिसले नाहीत तर डबल बेल द्यायला कचरत. एकदाच, लायसन संपायला आलं तेव्हा, काका मला हळूच म्हणाले होते, "ह्या वयात ते पुन्हा मिळतंय का नाही कोण जाणे. एकदा तिला मागं बसवून सोनईला न्यायची. मग गाडी उभी राहिली तरी चालेल."

म्हणून रोज अकरा वाजता भिंगारच्या अंगणात तपास चाले. सांध्यात दाबून बसवायला लग्नपत्रिकेचं गॅस्केट कापून झालं, वहीच्या पुठ्ठ्याचं झालं, मावशीची एक नवी चप्पलही त्यात खपली. मग काकांनी उदबत्ती काढली. गाडी चालू करायची आणि पेटलेली उदबत्ती सांध्याभोवती फिरवायची. जिथे धूर आत ओढला जाईल तिथे फट. शेजारणींना वाटे आरती चालली आहे. मावशी मात्र वाळूची बादली घेऊन शेजारी बसे. "पेट्रोल हाय त्यात. पेटलात तर इझवाया कुनी तरी पायजे." एवढं बोलायचीही तिला चोरी होती, कारण काकांचा सक्त नियम होता, "इथं कुणी बोलायचं नाही. मला ऐकू द्या."

अशाच एका शनिवारी आम्ही सोनईला निघालो. मावशी एसटीत पुढे, मागे गाडीवर काका, आणि काकांच्या पाठीशी त्याच गाडीवर मी. घोडेगाव सोडून शनिशिंगणापूरच्या रस्त्याला लागलो आणि गाडी खोकू लागली. काकांनी ती बाजूला घेऊन स्टँडला लावली, मला मूठ धरायला सांगितली, आणि खिशातून उदबत्ती काढून पेटवली. शनिवारचा तो रस्ता म्हणजे काय सांगावं, भाविकांचा नुसता पूर. पहिली जीप थांबली. आतल्या माणसांना दिसलं ते असं: रस्त्याकडेला एक काळीभोर आकृती, तिच्यापुढे उकिडवा बसलेला म्हातारा, उदबत्तीचा धूर, आणि कुणी एक अक्षर बोलत नाही. त्यांनी चपला काढल्या. मग दुसरी जीप थांबली. पाच मिनिटांत रांग लागली आणि रांगेत पुढे कोण यावरून भांडणही झालं. कुणी हँडलला रुईच्या पानांची माळ घातली. काका "अहो, अहो" म्हणेपर्यंत एका धिप्पाड गृहस्थानं तेलाची अख्खी बाटली कार्बोरेटरवर उपडी केली. काकांच्या तोंडून जे शब्द निघाले ते इथे लिहिता येत नाहीत. रांगेतल्या बायकांनी मात्र हात जोडून ऐकून घेतले.

आणि गाडी शांत झाली. इतका वेळ धापा टाकणारं इंजिन डुग, डुग, डुग असं एका लयीत चालू लागलं. तेल त्या फटीत जाऊन बसलं होतं. काका ओठावर बोट ठेवून वाकले. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मावशी आली. मागच्या खिडकीतून नवरा दिसेनासा झाला म्हणून एसटी थांबवून, पिशवी घेऊन ती चालत परत आली होती.

"आवो, शिट्टी थांबली की," ती म्हणाली.

"कसली शिट्टी?"

"ती हीच. गाडी चालू झाली की वाजती ती. बारीक. त्या नळीच्या खालच्या अंगाला."

काका सरळ उभे राहिले. "कधीपासून वाजतीय?"

"लग्नाला गेल्तो त्याच्या आदीपासनं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आता तुमाला सगळ्या जिल्ह्याचे टरक ऐकू येत्यात," मावशी म्हणाली. "मला वाटलं ही येतच आसंल. गाडीची रीतच हाय तशी म्हनलं. आन् बोलू कुठं द्येत हुता तुमी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला येत होती?"

मी मान हलवली. येत होती. गल्लीतल्या सगळ्यांना येत होती. ती ऐकण्यासाठीच काका आम्हाला गप्प करतात, असं आम्ही समजून चाललो होतो. वर्कशॉपात इतकी वर्षं लोखंडावर हातोडे ऐकलेल्या कानातून बारीक आवाज केव्हाच निघून गेले होते, आणि ते गेल्याचा आवाज काही येत नाही. काका मैलाच्या दगडावर बसले. रांगेतली माणसंही बसली, ही पुढची पायरी असावी अशा समजुतीनं.

मावशीनं पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि मागच्या सीटवर चढून बसली. "त्याल वाळायच्या आत चला," ती म्हणाली. "मानसं वाट बघत्यात."

मी तेलवाल्या गृहस्थांच्या जीपमधून मागून गेलो. सोनईत गाडी दिसताच लोक जुन्या आठवणीनं दोन्ही बाजूंना पांगले, पण काकांनी मूठ सोडली आणि ती मामाच्या दारात बरोब्बर थांबली. मामानं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "आक्का, चालंल का?" मावशी म्हणाली, "च्या आन."

पुढे काकांनी काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्या सांध्याचं तोंड घासून सपाट केलं, नवं गॅस्केट बसवलं, आणि फट मिटली. लायसनचं काय झालं ते विचारू नका.

परवा मी भिंगारला गेलो तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. मावशी लसूण सोलत होती. काका खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. मग म्हणाले, "आणखी काय काय वाजतं गं? मला न येणारं?"

मावशीनं आठवून पाहिलं. "आतला फोन वाजतो. नळाला पानी यायच्या आदी सुरसुर हुती. आन् सांजंचं हे रातकिडं."

"रातकिडे कुठं राहिलेत आता? औषधं मारून मारून संपवले लोकांनी."

"संपत्यात कशाला. रोज वरडत्यात. कान किटत्यात."

काकांनी लसणाची एक पाकळी उचलली, बोटांत फिरवली आणि परत ठेवली. "मला वाटलं संपले," ते म्हणाले.

अंगणातला उजेड उतरला. मावशीनं सूप बाजूला सारलं. "लागलं बगा वरडाया."

"कुठून?"

तिनं बोरीच्या झाडाकडे हात केला. काकांनी खुर्ची उचलून त्या बाजूला तोंड करून ठेवली आणि बसले.