चालू राहिलेला भोंगा

आमच्या बामगोल गावचे सरपंच मेंग जेचल यांना रागावलेलं मी कधीच पाहिलं नाही. शरमलेलं मात्र पाहिलं, आणि ते बघवलं नाही.

मी मूळची बुसानची, दक्षिणेकडच्या मोठ्या बंदराच्या शहरातली. लग्न होऊन इकडे चुंगचंग प्रांतात, होंगसंगजवळच्या या गावात आले, तेव्हापासून सगळे मला ‘बुसानची’ म्हणूनच हाक मारतात. आमच्या बुसानला माणसाला भूक लागली की तो ‘वाढ’ म्हणतो. इथल्या माणसाला भूक लागली की तो ‘आज ऊन बरं पडलंय’ म्हणतो, आणि तुम्ही ओळखून ताट मांडायचं. माझे सासरे सांगायचे, जुन्या काळी तीन राजांच्या फौजा या मुलखातून ये-जा करायच्या. सकाळी एकाचं राज्य, संध्याकाळी दुसऱ्याचं. ज्यानं मनातलं बोलून दाखवलं त्याची मान गेली, आणि जे गप्प राहिले ते आमचे पूर्वज. खरंखोटं देव जाणे. पण इथले डोंगरसुद्धा बुटके आहेत, कोणी डोकं वर काढायला तयार नाही.

जेचल या मातीतलाच माणूस. लष्करातली सक्तीची वर्षं सोडली तर गाव सोडून कुठे गेला नाही. गोठ्यात चार गाई, समुद्राच्या बाजूला भाताचं शेत, आणि घरात बायको पिल्सुन. कोणाला कधी ‘नाही’ म्हणाला नाही आणि ‘हो’ही म्हणाला नाही, म्हणून लोकांनी त्याला सरपंच केला आणि मग बदलायचं राहूनच गेलं. त्याला अभिमान एकाच गोष्टीचा होता, तो म्हणजे गावच्या भोंग्यावरचा आपला आवाज. यंत्र त्याच्याच घरात. सकाळी आधी एक जुनं गाणं वाजायचं, मग खाकरणं, मग ‘बामगोलच्या मंडळींनो’. कोणाची गाय हरवली, लस टोचायला डॉक्टर कधी येणार, सगळं त्या भोंग्यातून.

त्या नोव्हेंबरात त्यानं जाहीर केलं, की उद्या सकाळी समाजघराच्या अंगणात हिवाळाभर पुरणाऱ्या किमचीचा, म्हणजे आमच्या आंबवलेल्या लोणच्याचा, कोबी कापून मिठात घालायचा आहे, बायकांनी सुऱ्या घेऊन यावं. खटका दाबला आणि जेवायला बसला. खटका नीट बसलाच नव्हता.

“आणि हे बघ,” त्याचा आवाज अख्ख्या गावात घुमला, “मीरानच्या आईला बोलवायला कोणी जाऊ नका. तिचं डोकं आता ठिकाणावर नाही. गेल्या वर्षी दोनदोनदा मीठ घातलं तिनं, साऱ्या गावाची किमची जानेवारीत सडली. मानसूला तरी कळायला नको? बायकोला घरात ठेवावं.”

“हळू बोला जरा,” पिल्सुनचा आवाज आला. तोही गावानं ऐकला.

त्यानंतर सरपंचांनी सुपाचा भुरका मारला. तो भुरका समोरच्या टेकडीवर आपटून परत त्यांच्याच खिडकीतून आत आला, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

मीरानची आई म्हणजे बोक मानसूची बायको. आणि मानसू म्हणजे जेचलचा लहानपणापासूनचा जिवलग. दोघांनी एका गाईवर दोन घरं चालवली होती. गावच्या कोबीला मीठ लावायचं काम वर्षानुवर्षं तिचंच. मिठाचं पोतं दुसरं कोणी उघडत नसे. गेल्या दोन वर्षांत ती विसरायला लागली होती. दुकानात तेच सामान परत परत घ्यायची, माझ्या मुलाला माझ्या दिराच्या नावानं हाक मारायची. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मिठाची गुळणी धरून बसले होते. आम्हाला वाटायचं, हीच माणुसकी.

त्या दिवशी सरपंचांना कोणी काही म्हटलं नाही. आमच्या बुसानला त्यांच्या दारात जाऊन कोणीतरी चार शिव्या हासडल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. इथे दुकानात, बांधावर, जो भेटेल तो वाकून म्हणे, “सरपंच, थंडी वाढली.” इतक्या आदरानं गाव त्यांच्याशी कधी वागलं नव्हतं. प्रत्येक नमस्काराला त्यांची मान आणखी खाली जाई. माणूस मेल्याहून मेल्यासारखा झाला.

दुपारी ते मानसूकडे गेले. तिथे काय झालं ते पिल्सुननं मला मागाहून सांगितलं.

“मुळे यंदा जाड आलेत,” जेचल म्हणाला.

“आलेत,” मानसू म्हणाला.

“वारा सुटलाय.”

“सुटलाय.” मग गवताची काडी मोडत मानसू म्हणाला, “भोंग्याचा आवाज यंदा अगदी स्वच्छ येतो.”

जेचल तसाच उठून आला. घरी न जाता माझ्या दारात येऊन उभा राहिला.

“बुसानची, तुमच्याकडे माफी कशी मागतात?”

“‘चुकलो’ म्हणतात.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“त्याच्या आधी हवापाण्याचं काही?”

“काही नाही. आधी नाही, नंतरही नाही.”

“उद्या ती दोघं आली नाहीत, तर हिवाळाभर त्यांच्या घरी कोण जाणार?” तो म्हणाला. “किमचीला जो आला नाही, तो गावात राहूनही गावातला राहत नाही. आणि मानसूवाचून मी तरी कोणाकडे जाऊन बसू?” मग ‘चुकलो, चुकलो’ असं पुटपुटत गेला. मला हसू येत होतं, आणि हसू येतंय याचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी अंगणात कोबीचा ढीग पडला होता. आम्ही बायका कापत होतो, पण मिठाच्या पोत्याला कोणी हात लावेना. सरपंच कोपऱ्यात, पाहुण्यासारखे उभे.

आणि मीरानची आई आली. फडक्यात गुंडाळलेली सुरी हातात, तोंडावर हसू. मागून मानसू, तिचे रबरी हातमोजे घेऊन.

“काय गं, अशा बघताय काय?” ती म्हणाली. “भोंग्यावर बोलावलं ना सुऱ्या घेऊन? हे येऊ देत नव्हते. म्हटलं, सरपंचांनी बोलावलंय, जायला नको?”

ती बसली, फडकं सोडलं, दोन कोबी कापले, आणि सहज मान वर करून म्हणाली, “अहो भावोजी, ती बाई कोण हो? बोलवू नका म्हणालात ती? नाव घेतलंत तुम्ही, पण माझ्या लक्षात राहिलं नाही.”

सरपंच कोपऱ्यातून एक पाऊल पुढे आले आणि परत मागे सरकले.

“बिचारी घरात बसली असेल,” ती म्हणाली. “मीठ जास्त झालं म्हणून माणसाला टाकतात का? आणखी दोन पाण्यांतून धुवायचा कोबी. झालं.”

“धुतला होता,” मानसू म्हणाला. तो कोणाकडेच बघत नव्हता. “गेल्या वर्षी मीठ लावल्याच्या दुसऱ्या पहाटे येऊन मी सगळा कोबी धुऊन ठेवला होता. म्हटलं, कोणाला कळायला नको.”

पिल्सुनच्या हातातला कोबी खाली पडला. “अगं बाई,” ती म्हणाली. “मीही धुतला होता. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, सगळे यायच्या आधी.”

“आणि मी,” भिंतीजवळून गुक आजी म्हणाल्या. ऐंशीच्या पुढच्या बाई, पण त्यांची मान खाली होती. “दोन पाण्यांतून काढला मी. बोलले नाही कोणाला.”

“म्हणजे मीठ उरलंच नव्हतं त्यात,” मी म्हणाले. जन्म बुसानचा, जीभ आवरली नाही.

किमची मीठ जास्त झाल्यानं सडत नाही, मीठ कमी पडल्यानं सडते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिच्या हातून मीठ जास्त पडलं होतं खरं, पण एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी किमची वाचली असती. आम्ही सगळे भलेपणानं धूत राहिलो, भलेपणानं गप्प बसलो, आणि जानेवारीत किमची सडली तेव्हा मनातल्या मनात सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं. सरपंचांचं पाप एवढंच, की त्यांचा भोंगा चालू राहिला. मी माझ्या हातमोज्यांकडे बघत बसले. वर बघायची हिंमत कोणातच नव्हती.

शेवटी जेचल पुढे आला आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. “वहिनी,” तो म्हणाला, “चुकलो.” थांबला. हवापाण्याचं काही बोलला नाही. “ती बाई म्हणजे तुम्हीच. मी तुमच्याबद्दल बोललो. आणि किमची तुमच्यामुळे नाही, आमच्यामुळे सडली.”

तिनं आधी मानसूकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग आमच्या एकेकीकडे पाहिलं, जणू आज पहिल्यांदाच बघतेय. हसू कधी मावळलं ते कळलंही नाही.

“म्हणजे मला बोलावलंच नव्हतं,” ती म्हणाली, आणि सुरी पुसून परत फडक्यात गुंडाळू लागली.