बेंबी सरकली नव्हती

माझी धाकटी तेव्हा दीड वर्षाची होती. सकाळी पाजलेलं दूध संध्याकाळी आंबूस होऊन बाहेर यायचं. ‘दात येताहेत’ म्हणत आमच्या गावी, राजुरीत, महिना काढला. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं. पोर वाळत गेली, पोट मात्र खाल्लं की टम्म फुगायचं.

सासूबाईंनी निकाल दिला, “बेंबी सरकलीय.” बेंबी सरकली की आमच्याकडे तेल लावून पोट चोळून घेतात. मी शिकलेली, तरी हो म्हणाले. डिंगोऱ्याच्या एका मावशींच्या हाताला गुण होता, म्हणून आम्ही दोघी एसटीने पोरीला घेऊन गेलो.

मावशींनी तिला मांडीवर आडवं घेतलं, तेलाची वाटी जवळ ओढली. आधी कोरडीच बोटं बरगडीखाली फिरवली नि थांबल्या. पुन्हा तिथेच चाचपलं. वाटी बाजूला सारली.

“ह्ये बेंबीचं न्हाई. आत कायतरी टणक लागतंय. मी चोळायची न्हाई.”

“अवो, इतक्या लांबनं आलोय. हलकं तरी चोळा,” सासूबाई म्हणाल्या.

“आन आत फुटलं मंजी? पुण्याला न्या. आजच.”

“डॉक्टरच लागून गेली!”

“डॉक्टर न्हाई म्हनून तर सांगते, आक्का.”

घरी न जाता आम्ही तशाच पुण्याची गाडी धरली. तिथल्या मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. सर्जननी कागदावर जठर काढून दाखवलं. अन्न पुढे जायच्या वाटेवरच गाठ होती, वाट जवळपास बुजलेली. इतक्या लहान मुलांत हे फार क्वचित दिसतं, म्हणाले. मग विचारलं, “कुठे पोट चोळून घेतलं नाही ना?”

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या, “न्हाई. त्या बाईनं चोळलं न्हाई.”

गाठ काढली. कॅन्सर नाही, हे कळेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. पुढे भाताच्या पेजेचे दोन चमचे द्यायला सांगितलं. ते देऊन मी तासभर तिच्या हनुवटीखाली वाटी धरून बसले. वाटी कोरडीच राहिली.

दिवाळीआधी साडी-नारळ घेऊन डिंगोऱ्याला गेलो. मावशींनी पोरीला निरखून पाहिलं.

“काय खाती आता?”

“सगळं,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या ताटातलंबी ठेवत न्हाई.”

मावशी हसल्या आणि तिच्यासाठी काहीतरी आणायला आत गेल्या.