मराठीचं मराठी

"माणसांच्या भाषेत बोल. आणि टेबलाला हात लावू नकोस."

डॉक्टर हे खालाले म्हनला. साऱ्या दवाखान्यासमोर.

खाला बिचारी एवढंच म्हनली होती, "डागदरसाहेब, मले दोन रोजापासून चक्कर येऊन राह्यली. पोटात अन्न ठहरत नाही."

खाला, म्हंजे मावशी, आमच्या पेठेतली रंगारीन. पेठ शहराचीच, पन मधात नदी. आमच्या बाजूनं घरोघरी उर्दू अन् वऱ्हाडी एकाच तोंडात. मी हिंदू, ती मुसलमान. माही माय वारली तवा हिच्याच चुलीवर मी जेवलो, वाढलो.

वऱ्हाडचा कारभार तवा नागपुरातून चाले. मी त्या दवाखान्यात कारकून. उर्दूवाल्या रोग्यांसाठी दुभाष्याचं कामही माह्याकडंच. डॉक्टर पुन्याकडचा. माह्याकडं पाहून म्हनला, "हिचं मराठीत सांगा."

खाला मराठीतच बोलली होती.

मी उभा राह्यलो. "हिला दोन दिवसांपासून चक्कर येते. पोटात अन्न टिकत नाही."

मराठीचं मराठी केलं मी. बाकावरचे लोक हसले. डॉक्टर हसला. मीही हसलो. कोनी जबरदस्ती केली नव्हती. हे सांगाची आजही लाज वाटते.

खालानं पदर सारखा केला. औषध न घेता निघून गेली.

संध्याकाळी ती घाटावर कापड खंगाळत होती. तशीच, आजारी. मी जवळ गेलो. तिनं वर पाह्यलं नाही.

"मी बोलली ते त्याले समजलं नव्हतं का?"

"समजलं होतं, खाला."

"मंग तुनं काऊन सांगतलं?"

उठता उठता तिचा तोल गेला. मी हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी पेठेतला एक म्हातारा विणकर आला. "साहेब, छातीत दुखून राह्यलं," म्हनला. डॉक्टरनं नाक मुरडलं. "काय म्हणतोय हा? मराठीत सांगा."

मी जागेवरून उठलो.

"साहेब, तो मराठीच बोलून राह्यला. तुमाले समजलं. त्याले तपासा."

त्या दवाखान्यात मी माह्या बोलीत पहिल्यांदाच बोललो. हसलं कोनीच नाही. डॉक्टरचं तोंड लाल झालं. पन बाकावरून सारे पाहून राह्यले होते, म्हाताऱ्याले तपासावं लागलं. दुपारी मले माफीनामा लिहाले सांगतलं. मी लिहिला नाही. नोकरी गेली.

खाला महिन्याभरानं उठली. त्या दवाखान्याची पायरी मात्र ती पुन्हा चढली नाही. तो दोष डॉक्टरचा आहे तेवढाच माहा. मी तो कोनावर ढकलत नाही.

आता मी पेठेतल्या लोकायचे अर्ज लिहितो. जो जसं बोलते तसं. कचेरीतून अर्ज परत येतात, वर शेरा, "शुद्ध मराठीत लिहा." मी एक अक्षर बदलत नाही. तोच कागद परत नेतो, अन् साहेबासमोर उभा राहून मोठ्यानं वाचतो.