कमरेखालचं न बोलणारे मामा

अख्ख्या इंदुरात माझ्या मामेसासऱ्यांइतका अदबशीर माणूस झाला नाही, आणि अदबीपायी स्वतःचे डोळे पणाला लावणारा तर कुठेच झाला नसेल. पूर्वज संस्थानच्या दरबारात होते, त्यामुळे सराफ्यातल्या खाऊगल्लीत कचोरी खायलासुद्धा मामा बंद गळ्याचा कोट घालून जात. कमरेखालचा कुठलाही अवयव त्यांच्या तोंडी येत नसे. गुडघा दुखला तरी "चालण्यात जरा तकलीफ आहे" एवढंच म्हणत. अशा माणसाला म्हातारपणी प्रोस्टेटनं गाठावं, हा नियतीचा चावटपणाच. कार्यक्रमात ते दाराजवळची खुर्ची धरत, आणि महूला निघाले की वाटेतल्या राऊ गावाला गाडी थांबवायला लावत. "एका दोस्ताला भेटून येतो." हा दोस्त दोन मिनिटांत भेटे आणि परतीच्या वाटेवर पुन्हा भेटे. डॉक्टरकडे त्यांना मीच नेलं होतं, पण मामींना सांगायचं नाही अशी शपथ घातलेली. गोळ्या सुपारीच्या डबीत राहत.

मग डोळे बिघडले. पापण्या लाल, कडांना खपल्या, सारखी जळजळ. दुपारी मामांनी पुस्तक मोठ्यानं वाचायचं आणि मामींनी भाजी निवडत ऐकायचं, हा लग्नापासूनचा रिवाज. तो बंद पडला. "जावईबापू, ही आता दुपारभर गप्प बसून राहते," मामा मला म्हणाले, आणि मला त्यांची फार कीव आली.

आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. बाई तरुण होत्या. पापण्यांमधल्या तेलाच्या ग्रंथी तुंबल्यात, म्हणाल्या. "अंकलजी, कोई दवाई चल रही है?"

मामांनी लहानपणच्या गोवरापासून सगळं सांगितलं आणि म्हणाले, "बाकी कुछ नहीं." मी शपथेला जागून छताकडे बघत बसलो.

"अहो, त्या सुपारीच्या डबीतल्या गोळीचं सांगा ना," मामी म्हणाल्या. "प्रोस्टेटची. मला सब पता आहे."

मामा कोटासकट लाजले. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? राऊला तुमचा कोणी दोस्तच नाही."

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. ज्या हार्मोनमुळे प्रोस्टेट वाढतं, त्याच्याच जोरावर पापण्यांच्या ग्रंथीही चालतात. त्याला दाबणाऱ्या गोळीनं काहींचे डोळे कोरडे पडू शकतात. इथं नुसतं वयही कारण असेल. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, मनानं बंद करू नका, आणि रोज पापण्यांना कोमट शेक द्या.

गोळी बदलली. शेक मामी देऊ लागल्या. दुपारी मामा डोळ्यांवर ओलं, कोमट फडकं घेऊन पडलेले आणि शेजारी मामी माहेरच्या, शेजारपाजारच्या गोष्टी सांगतायत. हळूहळू आराम पडला, वाचायलाही येऊ लागलं, पण मामा पुस्तकाचं नाव काढीनात. मी विचारलं तर म्हणाले, "इतकी वर्षं मीच वाचत राहिलो हो. ही किती छान बोलते, ते आत्ता कळतंय."

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. त्यांच्यासारखा माणूस पुन्हा भेटायचा नाही, हे मला रोज जाणवतं. दुपारी कधी त्यांच्या घरी डोकावलो की मामी चहा देतात आणि जरा संकोचून विचारतात, "जावईबापू, बसता का थोडा वेळ?"

मी बसतो. त्या बोलू लागतात, आणि मी डोळे मिटून ऐकतो.