मागे व्हा!

प्रयोगशाळेत त्याला सगळे घण्या म्हणत. स्वभाव म्हणाल तर मुंगीलाही वाट देणारा. पण डॉक्टरेटसाठी काम असं मिळालं की काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, दाबयंत्रात चिरडायचे आणि उरलेसुरले घणाने फोडून ढिगावर टाकायचे. मग दुसरं नाव कुठून पडणार?

तिथे एक रिवाज कडक. ठोकळा कुरकुरला की यंत्रावरच्या माणसाने ओरडायचं, "मागे व्हा!" कपच्या गोळीसारख्या सुटत. ती आरोळी आली की भलाभला साहेबसुद्धा बेडकासारखी उडी मारी.

घण्याचे सर म्हणजे अडेलतट्टू. वर्षं उलटली, ठोकळे फुटत राहिले आणि सर म्हणत राहिले, "पुन्हा ओत." घण्याची झोप उडाली, घास घशाखाली उतरेना. घरी आधी दारं आपटली, मग आरसा फुटला. एकदा तर भिंतीवर अशी मूठ हाणली की बोटाचं हाडच मोडलं.

आई कळवळली, "भिंतीनं काय घोडं मारलं रे तुझं?"

"ती निदान 'पुन्हा' म्हणत नाही."

पट्टी बांधता बांधता थोरली बहीण म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊ."

"बोटासाठी?"

"डोक्यासाठी."

"मी वेडा नाही, ताई!" त्याने औषधांचा डबा भिरकावला.

पुढे एका दुपारी ती जेवण घेऊन प्रयोगशाळेत पोचली, तर सर आलेखावरून नुसती नजर फिरवून म्हणत होते, "सगळं पुन्हा ओत. ठोकळ्यात सिमेंट कमी आणि तुझ्या डोक्यात रेती जास्त!"

दोघंतिघं फिदीफिदी हसले.

घण्याची तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने घण उचलला. पहिल्या घावात टेबल दुभंगलं, दुसऱ्यात संगणकाचा चुरा झाला. काचेने सरांचा गाल फाडला, सदरा रक्ताने भिजला. सरांचे पाय जागीच थिजले. घण त्यांच्या डोक्यावर उगारला गेला. ताई जेवणाचा डबा टाकून धावली.

आणि घण खाली येता येता घण्याच्याच तोंडून सवयीने आरोळी निघाली, "मागे व्हा!"

सरांनी सवयीनेच उडी मारली आणि ते रेतीच्या ढिगात उताणे पडले. ते उभे होते तिथली फरशी तडकून उडाली.

घण्याने त्या खड्ड्याकडे पाहिलं. घण हातातून गळला.

"ताई, मी ओरडलो का गं?"

"ओरडलास. म्हणून जिवंत आहेत ते." तिने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. "आता तरी चल."

सर रेतीतून ओरडत होते, "पोलिसांना बोलवा!" पोलीस आले, संस्थेचं दार त्याच्यासाठी कायमचं बंद झालं, पदवी गेली ती गेलीच. पण ताईने त्याला डॉक्टरकडे नेलं ते नेलंच. औषधं लागली, बोलणं लागलं, हळूहळू झोप परतली.

अजूनही कधी कपाळाची शीर उडू लागली की घण्या घरात आपणहून सांगतो, "मागे व्हा." आई मुकाट्याने सरकते. ताई मात्र खुर्ची ओढून थेट त्याच्यासमोर बसते.

"मी नाही मागे होत, जा. बोल, आज काय कुरकुरतंय?"