लई सुखात हाय

आठवीत विरुद्धार्थी शब्दांमध्ये ‘सुख’च्या समोर ‘दुःख’ लिहिलं की एक गुण मिळायचा. त्याच वर्षी मी शाळा सोडली. आबा, म्हणजे माझे वडील, रागावले नाहीत. मेंढरांमागं जायची काठी माझ्या हातात दिली, एवढंच. त्यांच्या त्या न रागावण्याचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

हिंगोलीजवळच्या पुसेगावकडच्या आमच्या घरात सुख हा शब्द कमीच यायचा. गावाहून आलेल्याला सुखरूप पोचलास का विचारायचं, लेकीला सासरी धाडताना सुखानं नांद म्हणायचं. मी सुखी आहे असं स्वतःबद्दल बोलताना मी कुणालाच ऐकलं नव्हतं. ते बोलायला मी तमिळनाडूत आलो, बनियनच्या कारखान्यात कामाला.

पहिल्याच आठवड्यात आबांनी फोनवर विचारलं, “कसं हाय तिकडं?” करमत नव्हतं, तिथलं जेवण पोटात राहत नव्हतं. त्यांना घोर नको म्हणून बोललो, “लई सुखात हाय.” मग दोन वर्षं दर रविवारी तेच. फोन ठेवला की मात्र वाटायचं, घरी काही झालं असलं तर?

झालंच होतं. सुट्टीवर गेलो तेव्हा आबा अंगणात बसले होते. मी समोर उभा राहिलो तर म्हणाले, “कोन हाय?”

आवाज ऐकून त्यांनी मला जवळ ओढलं. मेंढरू घेताना ते त्याच्या पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवून अंगावर मांस किती ते बघतात. तशीच माझ्या पाठीवरून फिरवली.

“फोनवर तर लई सुखात होतास. असलं मेंढरू बाजारात फुकट कोनी न्यायचं न्हाई.”

“आबा, डोळ्यांचं मला काहून सांगितलं न्हाई?”

“तुझं चांगलं चालू होतं ना. काहून तकलीफ द्यायची लेकराला?”

दुसऱ्या दिवशी त्यांना हिंगोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. उजव्या डोळ्याची नजर गेली, आता येणार नाही. वर्षभर आधी आणलं असतं तर वाचली असती. डाव्याची थोडी उरलीय, ती टिकवायला रोज थेंब टाकायचे. बाहेर येऊन आबा म्हणाले, “एक हाय ना अजून.” मला त्या वर्षातले रविवार आठवत राहिले. एकदा जरी म्हणालो असतो, आबा, इथं जीव लागत नाही, तर तेही म्हणाले असते, मला दिसून नाही राहिलं.

आता परत इकडं कारखान्यात आहे. परवा फोनवर त्यांनी विचारलं, “जेवलास का?” हो म्हणणारच होतो.

“न्हाई आबा. डबा आंबला आज.”

ते म्हणाले, “मीबी दोन दिस झाले, थेंब टाकले न्हाईत.”

“आत्ता टाका. मी थांबतो.”

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. आईला हाक मारून ते बाटली मागत होते. मी कानाला फोन लावून बसून राहिलो.